वळवळ्याचा उपास

लिंबाची पानं गळायला लागली की माझं घरात बूड टिकत नाही. सकाळी अंगण झाडावं, चहाचा कप घेऊन बाहेर यावं, तर पुन्हा तेवढाच पाचोळा. समोरच्या रस्त्यानं दहावीची पोरं परीक्षेला निघालेली, हातात पॅड, खिशात अंगारा, आणि तोंडं उतरलेली. मध्येच उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून जातो आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात. वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा वास येतो. ना धड थंडी, ना धड उन्हाळा. अशा दिवसांत माणसानं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मी घरातून अंगणात, अंगणातून गच्चीवर आणि गच्चीवरून परत घरात अशा फेऱ्या मारत राहतो.

सुनंदा म्हणते, पायाला भिंगरी लावून जन्माला आलात. सुनंदा म्हणजे आमची मंडळी. आता पाटबंधारे खात्यात सबंध नोकरी कालव्याच्या भरावावरून चालण्यात गेली, त्याला मी काय करू? पाणी सुटलं की पाण्याबरोबर चालायचं, कुणी कालव्याचं दार फोडलं की तिकडे पळायचं, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि दोन आपल्याही द्यायच्या. मग एक दिवस शाल, श्रीफळ, फोटो आणि घरी. निवृत्त माणसानं आराम करावा असं सगळे सांगतात. आराम कसा करतात ते मात्र कुणी शिकवत नाही.

मागच्या वर्षी असाच नुकता निवृत्त होऊन मी श्रीरामपूरच्या या घरात भिंतींना धडका देत होतो, तेव्हा केतकी वळवळ्याला घेऊन आली.

केतकी आमची एकुलती एक. पुण्यात नोकरीला. दिवाळीनंतर तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि का ओलांडला नव्हता तेही सांगून टाकतो. दिवाळीत कोपरगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात इंजिनियर, घरचा ऊस, माणसं चांगली. मी त्यांना फराळाला बोलावलं. केतकीला आधी सांगितलं असतं तर ती आलीच नसती, म्हणून नाही सांगितलं. ती पुण्याहून बॅग घेऊन दारात उभी, तर बैठकीत पाच पाहुणे आणि तिच्यासाठी पोह्यांचा ट्रे तयार. तिनं ट्रे धरला, सगळ्यांना पोहे दिले, नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत गेली. त्यानंतर फोन यायचे, पण आईला. मला फक्त "जेवलात का" एवढंच. बापानं मुलीचं लग्न बघायचं नाही तर काय करायचं, हे त्या काळात माझं शेजारच्या मार्थाबाईंपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं.

आणि अचानक फेब्रुवारीत एका सकाळी ती मैत्रिणीच्या गाडीतून उतरली. हातात पिंजरा. पिंजऱ्यात साय धरलेल्या चहाच्या रंगाचं, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेलं, हातभर लांबीचं काहीतरी. त्याला हाड असावं असं वाटेना. ते स्वतःभोवतीच गुंडाळी करून बसलं होतं आणि त्या गुंडाळीतून एक ओलं, गुलाबी नाक बाहेर येऊन आमच्या घराचा वास घेत होतं.

हे फेरेट, केतकी म्हणाली. चार महिन्यांचं पिल्लू. घरमालकाला याचा वास चालेना, दुसरी जागा बघेपर्यंत याला ठेवायला कुठं नाही. पावसाळ्यापर्यंत सांभाळा. मी लगेच तोंड उघडणार होतो. मुंगसाचा हा विलायती भाऊ श्रीरामपुरात आणून काय करायचा, घर आहे की सर्कस, वगैरे सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"पप्पा, जपाल ना याला? मला दुसरं कुणी नाहीये विचारायला."

चार महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य. मी पिंजरा हातात घेतला. ती दुपारी जेवून गेलीसुद्धा. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा माझ्या लक्षात एकच गोष्ट होती. हे जनावर जगलं तर पोरगी परत या दारात येणार. मेलं, तर तिला यायला कारणच उरणार नाही, आणि तिला दाखवायला मला तोंड उरणार नाही.

जाताना तिनं सुनंदाला सगळं नीट सांगितलं होतं. याला ऊन सोसत नाही, थंडाव्यात ठेवायचं. खायला या पुड्यातलं. पुडा संपला तर चिकन, अंडं. दिवसातून बऱ्याच वेळा लागतं, याच्या पोटात काही टिकत नाही. सुनंदानं मान डोलावली. पुड्यावर कोंबडीचं चित्र होतं ते तिनं तेव्हाच बघून ठेवलं होतं.

केतकीनं त्याचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. सुनंदाच्या तोंडात ते बसेना. दोन दिवस त्याचं वागणं बघून ती म्हणाली, हा वळवळ्या हाय नुसता. तेच नाव पडलं.

माझ्यापेक्षा अस्वस्थ प्राणी मी पहिल्यांदाच बघत होतो. जागा असला की एका जागी थांबणं नाही. दिवाणाखाली, शिलाई मशिनखाली, माझ्या पायजम्याच्या पायात, पिठाच्या डब्याच्या मागे. जिथं डोकं जाईल तिथं सगळं अंग जायचं. आनंद झाला की पाठीची कमान करून आडवा आडवा उड्या मारायचा, कपाटावर आपटायचा, पडायचा, उठून पुन्हा उड्या. तेव्हा घशातून एक आवाज काढायचा, डुक डुक डुक, माठातून तांब्या भरताना येतो तसा. आणि चोर तर असा अट्टल की विचारू नका. माझा एक मोजा, साबणाची वडी, रिमोट, बटाटे, सुनंदाची कुंकवाची डबी, सगळं ओढत दिवाणाखाली. रिमोटसाठी मी पोटावर पालथा पडून हात घातला की आतून तो माझं बोट चाखून बघायचा. मी शिव्या द्यायचो. सुनंदा म्हणायची, बरं झालं, तुमाला तुमच्यासारखं कुनीतरी भेटलं.

वासाचं म्हणाल तर घरमालकाचं काही चुकलं नव्हतं. भिंतीपलीकडे मार्थाबाई राहतात. शाळेत शिवण शिकवायच्या, आता आमच्यासारख्याच निवृत्त. मोठ्या मायेच्या आणि तेवढ्याच फटकळ. चौथ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, काय हो भाऊ, घरात कस्तुरीचा धंदा काढला का?

पण गल्लीला त्याचं भारी कौतुक. कारण गल्लीच्या लेखी ते मुंगूसच. मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं, हे आपल्याकडे लहानपणीच दुधाबरोबर पाजतात. मुंगूस आडवं गेलं की पोरं हातातलं टाकून त्याला देवाची शपथ घालतात, तोंड दाखव म्हणून. इथं तर मुंगूस दाराशी बांधलेलं. परीक्षेला जाणारी पोरं फाटकाशी थांबायला लागली. पहिले दोन दिवस मी इमानेइतबारे समजावलं की बाबांनो, हे मुंगूस नाही, फेरेट आहे, याचा आणि तुमच्या पेपरचा काही संबंध नाही. तिसऱ्या दिवशी दोन वेण्यांची एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आजोबा, कुनाचं का असंना, तोंड तर दाखवा. गणिताचा पेपर हाय." मी वळवळ्याला काखेत धरून फाटकावर नेलं. त्यानं तिच्याकडे बघून मोठी जांभई दिली. पेपर कसा गेला कोण जाणे, पण त्या दिवशी हसत गेली.

कालव्यापलीकडचा एक ओळखीचा शेतकरी तर गोणी घेऊनच आला. कडब्याच्या गंजीत नाग शिरलाय, दोन तास तुमचं मुंगूस द्या. सुनंदानं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं की आमचं मुंगूस पालीला बघून माझ्या पदरात शिरतं. तो बिचारा गोणीची घडी घालून गेला.

झोपेचीही एक गंमत होती, आणि तीच पुढं आमच्या अंगाशी आली. एवढा वळवळणारा जीव एकदा झोपला की मेल्यासारखा झोपायचा. उचला, हलवा, पाय ओढा, मान लोंबकळतेय, डोळे अर्धवट. पहिल्या आठवड्यात सुनंदानं त्याला असं बघितलं आणि हंबरडाच फोडला. मार्थाबाई धावत आल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मी केतकीला काय सांगायचं या विचारानं ओट्याशी उभा. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि वळवळ्यानं डोळा उघडून मार्थाबाईंच्या हाताची करंगळी चाटली. त्या "आमेन" म्हणाल्या आणि खाली बसून पोट धरून हसल्या. तेव्हापासून तो तसा पडलेला दिसला की आम्ही म्हणायचो, गेला परत स्वर्गात.

मार्च सरता सरता ऊन चढलं. आमच्या नगरी उन्हाची जात वेगळी आहे. ते डोक्यावर पडत नाही, जमिनीतून वर येतं. दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. त्यात लाईट जाते, कूलर बंद. वळवळ्या जमिनीला पोट चिकटवून चारी पाय पसरून धापा टाकायला लागला. मग मात्र माझ्यातला कालवेवाला जागा झाला. बाजारातून रुंद तोंडाचा मोठा माठ आणला. न्हाणीच्या आडोशाला वाळूचा ओटा केला, माठ त्यावर आडवा निजवला, वर गोणपाट पांघरलं. शेतातल्या ठिबकची एक जुनी नळी मेहुण्याकडून आणली होती, ती टाकीला जोडून गोणपाटावर सोडली. थेंब थेंब पाणी, चोवीस तास, लाईट असो की नसो. वळवळ्यानं आत डोकं घातलं, वास घेतला, आणि आपलं सगळं चोरलेलं सामान एकेक करून माठात हलवलं. मोजा, रिमोट, बटाटे. भर दुपारी मी त्या माठात हात घालून बसायचो. निवृत्तीनंतर पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी कामाचं झालं होतं. मी त्या माठाचा फोटो केतकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "पप्पा भारी." दोनच शब्द. मी ते सुनंदाला तीनदा वाचून दाखवले.

म्हणजे उन्हातून आम्ही त्याला तारला. जे झालं ते भलतीकडूनच.

आमच्या घरात गुरुवार पाळतात. शिर्डी तासाभराच्या वाटेवर, या भागात गुरुवारी चूल सोवळीच असते. मटण-चिकन आमच्याकडे होतं, पण तेही अंगणात तीन विटांवर, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं. सुनंदानं कोंबडीच्या चित्राचा पुडाही अंगणातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. गुरुवारी ती पेटी उघडायची नाही. मग वळवळ्याची सोय मार्थाबाई करायच्या. उकडलेलं अंडं भिंतीवर ठेवायचं, हा भिंतीवर चढून खाणार. गुरुवार आमचा, अंडं त्यांचं, कुणाचंच काही बिघडलं नाही. पण मग मार्थाबाईंचा उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस त्यांच्या घरी मांस नाही, अंडं नाही. भिंत बंद झाली. त्या गुरुवारी सुनंदानं वळवळ्याला दूध-पोळी कुस्करून घातली, मांजराला घालतात तशी. त्यानं आवडीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. आम्ही म्हणालो, ऊन बाधलं.

आणि पाडवा आला. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत सुनंदाचं रामाचं नवरात्र असतं. लग्न होऊन आली तेव्हापासून एकही साल चुकलेलं नाही. एक वेळ जेवण, पायात चप्पल नाही, आणि घराच्या हद्दीत, अंगणातसुद्धा, मांस-अंडं नाही. पत्र्याची पेटी तिनं कुलूप लावून कोपऱ्यात सरकवली. घरातला नियम घरातल्या सगळ्यांना. मी गपगुमान साबुदाणा खातो, मग वळवळ्याला काय शिंगं फुटलीत? नऊ दिवस दूध-पोळी खाईल, पोटाला आराम पडेल. उपासानं कुणी मरतं का? उलट आपल्याकडे आजारी माणसालाही लंघन सांगतात. कुणाच्या मनात पाप नव्हतं. सुनंदा तर स्वतः जेवायच्या आधी त्याची वाटी भरायची, दुधावरची साय त्याच्या वाटीत घालायची. एवढ्या प्रेमानं तिनं मलाही साय घातलेली नाही.

दोन दिवस गेले, चार गेले. रस्त्यानं शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्या सुरू झाल्या. भोंगे, झेंडे, लिंबू-सरबताच्या टेबलावर गर्दी. त्या गडबडीत वळवळ्याच्या उड्या कमी झाल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ऊन आहे, झोपत असेल. मोजा माठाबाहेर तसाच पडून राहिला. त्यानं चोरी सोडली हे बघून मी म्हणालो, नवरात्राचा गुण आला वाटतं.

अष्टमीला सकाळी मी माठात हात घातला. मान लोंबकळत होती. मी हसून म्हणालो, गेला परत स्वर्गात. सुनंदा देवापाशी वाती करत होती, तीही हसली. मी त्याला उचलून बाहेर घेतलं, हलवलं, पाय ओढला. त्यानं डोळा उघडला नाही. हाताला तो रिकाम्या पिशवीसारखा लागत होता. बरगड्या बोटांना मोजता येत होत्या. तोंडाशी पांढरी लाळ. मी सुनंदाला हाक मारली, आणि माझ्या आवाजावरूनच ती वाती टाकून आली.

रिक्षा करून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं दारात दोन म्हशी आणि एक लंगडी शेळी. डॉक्टर तरुण, सरळ मनाचा. असलं जनावर आपण कधी हाताळलेलं नाही असं त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, पुण्याच्या कुठल्या मित्राला फोन लावला, आणि फोन कानाला तसाच ठेवून विचारलं, खायला काय देता? सुनंदानं सांगितलं. त्यानं फोन खाली घेतला.

"काकू, हे फक्त मांसावर जगतं," तो म्हणाला. "दूध आणि पोळी याला पचतच नाही. याचा उपास नव्हता, उपासमार होती. मी सलाईन देतो, पण घरी गेल्या गेल्या कोंबडीचा रस पोटात गेला पाहिजे. नाहीतर संध्याकाळ बघणार नाही."

 येताना रिक्षात वळवळ्या तिच्या मांडीवर, ओल्या टॉवेलात. चिकनच्या दुकानापाशी मी रिक्षा थांबवायला सांगितली आणि उतरायला लागलो. तिनं माझा हात धरला, वळवळ्याला माझ्याकडे दिलं आणि स्वतः उतरली. कपाळाला मळवट, अंगावर नवरात्राचं नेसूचं लुगडं, आणि पाय अनवाणी. डांबर पाघळायला आलं होतं. चप्पल घे म्हणून मी रिक्षातून माझी चप्पल खाली टाकली. तिनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या रस्त्यावरून चालत गेली, पाय भाजतात म्हणून उचलून टाकत नव्हती, नेहमीसारखी चालत होती. दुकानदार आम्हाला रविवारचा ओळखतो. तो उठूनच उभा राहिला. काकू, नवरात्र ना तुमचं, त्यानं विचारलं. मला रिक्षात स्पष्ट ऐकू आलं.

"माझं हाय," सुनंदा म्हणाली. "ह्याचं न्हाई."

घरी येऊन तिनं अंगणात तीन विटा मांडल्या. नवरात्राच्या अष्टमीला आमच्या हद्दीत कोंबडी शिजली. मार्थाबाईंनी वास आला तसं भिंतीवरून बघितलं, काय झालं ते मी त्यांना सांगितलं, आणि त्या चप्पल शोधत तशाच बाजारात गेल्या. परत आल्या त्या हातात अंडी घेऊन. म्हणाल्या, मी खायचं नाही म्हटलंय देवाला, द्यायचं नाही असं कुठं म्हटलंय? त्यांचे डोळे भरले होते. आम्ही तिघं माठापाशी बसलो. सुनंदा बोट रसात बुडवायची आणि त्याच्या ओठाला लावायची. रस खाली ओघळायचा. पुन्हा बुडवायची, पुन्हा लावायची. तिचे तळवे मी बघितले, फोड आले होते. मी म्हणालो, नवरात्र मोडलं गं तुझं. मला वाईट वाटून म्हणालो.

"कशानं मोडलं? मी खाल्लं का?" ती म्हणाली. मग बराच वेळ बोट लावत राहिली आणि म्हणाली, "उपास आपल्या पोटावर करावा. मी ह्याच्या पोटावर केला."

दुपार टळली तेव्हा त्या ओठांतून एवढीशी गुलाबी जीभ बाहेर आली. बोट चाटलं. परत आत गेली. मार्थाबाईंनी छातीवर क्रूस केला आणि सुनंदानं दोन्ही हात जोडले, तिच्या हाताला कोंबडीचा रस लागलेला. मी उठून न्हाणीत गेलो आणि नळ सोडून रडलो. निवृत्तीच्या समारंभातही मी रडलो नव्हतो.

संध्याकाळी केतकीचा फोन. मी सुनंदाला खुणेनं सांगत होतो, आता सांगू नको, आता बरं वाटतंय त्याला, कशाला सांगायचं. तिनं सगळं सांगितलं, दूध-पोळीपासून चिकनच्या दुकानापर्यंत. केतकीनं फोन ठेवला. मी फोनकडे बघत बसलो. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी, रामनवमीला, दुपारच्या एसटीनं केतकी आली. कुणी बोलावलं नव्हतं. दारातून सरळ माठाकडे गेली, जमिनीवर बसली, हात आत घातला, आणि आतून अगदी बारीक, दमलेलं डुक डुक ऐकू आलं. तिनं ठिबकची नळी बघितली, आईचे पाय बघितले. रागावेल म्हणून मी उभाच होतो. ती म्हणाली, पप्पा, बसा ना जरा. सुंठवडा खाऊन ती दोन दिवस राहिली. पावसाळ्यात वळवळ्याला घेऊन गेली तेव्हा त्याला उचलताना तिचे हात भरून येत होते. आणि तेव्हापासून ती येते. महिन्या-दीड महिन्यानं येते, त्यालाही आणते, जाते. लग्नाचा विषय कुणी काढत नाही. निदान आत्तापर्यंत काढला नव्हता.

आता पुन्हा लिंब झडतोय. पुन्हा पोरं पॅड घेऊन निघाली आहेत. दोन वेण्यांची ती मुलगी दिसली, कॉलेजात गेली म्हणे, फाटकातून विचारत होती, आजोबा, मुंगूस कधी येनार? उद्या येणार आहे. केतकीला कंपनीच्या कामाला बंगळूरला जायचंय, ती वळवळ्याला सोडायला येतेय. मी सकाळपासून वाळू चाळली, माठ निजवला, नळीची भोकं सुईनं मोकळी केली. सुनंदानं कोंबडीच्या चित्राचा नवा पुडा आणून ठेवलाय, स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी. पाडवा जवळ आलाय हे तिला माहीत आहे. पुडा तिथंच राहणार आहे.

हे सगळं सुखाचं, मग जिवाची घालमेल कशाची? तर मेहुण्याच्या फोनची. कोपरगावचंच दुसरं स्थळ आहे. मुलगा चांगला, या वेळी तर पुण्यातच नोकरीला. मंडळी उद्या शिर्डीला दर्शनाला येतायत. मेहुणा म्हणाला, दाजी, केतकी उद्या घरीच हाय ना, मग येताना सहज चहाला आणतो त्यांना. मुलगीही दिसेल, तिला आधी सांगून बिथरवायचं कशाला? मला पटलं. अहो, का नाही पटणार? वय वाढतंय, आम्ही आज आहोत उद्या नाही, आणि मुलगा खरंच चांगला आहे. मी अंगणात फेऱ्या मारत मारत म्हणालो, हो हो, सहज या, चारच्या सुमाराला या, मी तिला काही बोलत नाही.

सुनंदा खिडकीच्या आत ओट्याशी कणीक तिंबत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. आवाजही चढवला नाही.

"अहो," ती म्हणाली, "तिला दूध-पोळी घालू नका."

मी उभा राहिलो. फोनमधून मेहुणा हॅलो, दाजी, हॅलो करत होता. लिंबाचं एक पिवळं पान माझ्या खांद्यावर पडलं, ते मी झटकलं. मग मी मेहुण्याला म्हणालो की उद्या नको. तिला आधी विचारतो. ती हो म्हणाली तर मी स्वतः फोन करीन, नाही म्हणाली तर तोही करीन. तो काहीतरी बोलत राहिला, मी फोन ठेवला.

गोणपाट एका बाजूनं कोरडं पडलं होतं. मी नळी थोडी सरकवली, आणि ते भिजेपर्यंत तिथंच बसून राहिलो.